रिले नंबर दोन

नोकरीची बारा वर्षं मी रिले आणि वायरींत काढली. रिलेचा खटका वाजला तर करंट पुढे गेला, नाही वाजला तर नाही — मधलं काही नसतं, असं मानणारा मी. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून चहाला जायचो. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच ओशाळल्यासारखं होतंय...

काम साधं आहे. वरच्या बंधाऱ्याचं पाणी सोडायच्या आधी कंट्रोल रूममधून रेडिओवर संदेश जातो. नदीकाठच्या वाड्यांत खांबावर लावलेले आमचे रिसीव्हर तो पकडतात. आतला रिले नंबर एक लाल दिवा लावतो, रिले नंबर दोन भोंगा वाजवतो. कुठल्या रिलेने काय करायचं, ते लॅपटॉपवरून भरावं लागतं.

हे मला पांडूदादांनी शिकवलं. त्यांची एक खोड होती — टेस्टिंगआधी स्वतः लंगडत नदीत उतरायचे, धुणं धुणाऱ्या बायांना सांगायचे, "घाबरू नका गो, टेस्टिंग हाय." भोंगा कानाने ऐकल्याशिवाय रजिस्टरवर सही नाही. मी चिडवायचो, "दादा, स्क्रीनवर ओके दिसतंय की!"

मागच्या हिवाळ्यात ते गेले. त्या आठवड्यात त्यांचे दोन फोन येऊन गेले होते. नंतर करतो, नंतर करतो म्हणत राहूनच गेलं. फार सलतं ते.

एप्रिलमध्ये किन्हवलीच्या पुढच्या एका वाडीतला रिसीव्हर मी एकट्याने बदलला. ऊन मी म्हणत होतं. शेजारच्या गावाची सेटिंग तशीच कॉपी केली. तिथला भोंगा दुरुस्तीला काढलेला, म्हणून रिले दोन रिकामा ठेवलेला... तो इथेही रिकामाच आला. मी नदीत उतरलो नाही, काही ऐकलं नाही. ओके लिहून निघालो.

तीन आठवड्यांनी सकाळी अकराला पाणी सोडलं. दुपारी लॉग बघितला — संदेश मिळाला, रिले एक चालू. रिले दोनपुढे काहीच नाही. तिथला दिवा नदीतून दिसत नाही! तशीच बाईक काढली.

वाडीत नदीवर धुणं धुणाऱ्यांतली सोमीबाय ओट्यावर तांदूळ निवडत होती.

"पाणी आलं तेव्हा नदीत कोणी होतं?"

"सात जणी होतो आमी. भोंगा नाय वाजला रे तुजा."

"मग?"

"पांडूदादा आला ना! लंगडत लंगडत. 'वर या गो, आज टेस्टिंग नाय, पानी हाय' बोलला. आमी वर चढलो नि मागं पानी."

बाकीच्या बायांना वेगवेगळं विचारलं. सगळ्यांचं तेच. आमच्याकडे लंगडणारं दुसरं कोणी नाही. सात जणींना एकदम भास? मला पटत नाही, आणि दुसरंही काही सुचत नाही. रिले दोन भरला, नदीत उतरून भोंगा ऐकला, मग सही केली. दादांनी त्यांना हाक मारली, मला नाही... याचंही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

निघताना सोमीबाय म्हणाली, "चाय ठेवते बोलले, तं थांबलाच नाय. फुडल्या टायमाला घेऊन ये त्याला. जेवूनच जा बोलावं."

दादा गेल्याचं वाडीत पोचलंच नव्हतं; तेच सांगायला तोंड उघडलं.

"आणतो," म्हणालो.