ही अभिनय करतच नाही

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि तुमच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. बघा, सुरुवातच पळपुटेपणानं झाली.

लेनर्ड नावाचा एक म्हातारा इंग्रज दिग्दर्शक द हेगमध्ये आमच्याच ट्रामच्या रस्त्यावर राहायचा. मासळीबाजारात राबणाऱ्या बापाचा मुलगा. विशीत नाटकं लिहायला लागला, तिशीत पहिला चित्रपट केला आणि एकदम नाव झालं. मग एक भलामोठा चित्रपट असा आपटला, की निर्माते त्याचा फोन उचलेनात. एका डच नेपथ्यकार बाईशी लग्न करून तो इकडे आला. पुढे ती गेली, हा राहिला. रविवारी ब्यूर्टहाउसमध्ये — आपल्याकडचं समाजमंदिर समजा — तो हौशी लोकांना नाटक शिकवायचा. मी आयटीतली. पुण्यात कॉलेजात एकांकिका केलेल्या, ती खाज काही गेली नव्हती. म्हणून मी त्याच्याकडे जायला लागले.

आणि मला तिथे भाव मिळायचा, खोटं कशाला बोलू? लेनर्डला मरायच्या आधी एक छोटी फिल्म करायची होती, तीही मराठीत, कारण मी फोनवर आईशी बोलताना त्यानं ऐकलं होतं आणि त्या भाषेचा सूर त्याला आवडला होता. परदेशात, मुलाच्याच गावात एकटी राहणाऱ्या आईची गोष्ट. संवाद मी मराठीत केले, भूमिकाही माझीच ठरली. केसांना पांढरी पावडर लावून मी साठीची होणार होते. मराठी मंडळातल्या एकूण एक बाईला हे सांगून झालं होतं.

त्या उन्हाळ्यात आई कराडहून माझ्याकडे आली होती. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली. एका रविवारी ती तालमीला माझ्यासोबत आली आणि नेमका माझा घसा पार बसला. लेनर्डला कॅमेरा कुठे ठेवायचा ते ठरवायचं होतं, म्हणून तो म्हणाला, तुझ्या आईला नुसतं वाचू दे. प्रसंग साधा — मुलगा फोन करतो, जेवायला येत नाही म्हणतो, आई त्याचं ताट उचलून ठेवते. आईनं वाक्य वाचलं. मग ते कोरंच ताट ओढणीनं पुसलं, उगाच, आणि रॅकमध्ये ठेवलं. कुणी तसं करायला सांगितलं नव्हतं. लेनर्डनं चष्मा काढला. मी आईकडे बघत राहिले. अभिमानानं? कसला अभिमान — जळत होते मी. जन्मदात्या आईवर.

तो माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाला, ही अभिनय करतच नाही. त्याच्या तोंडी याहून मोठी शाबासकी नव्हती. आमच्यातल्या एकालाही ती कधी मिळाली नव्हती. वर म्हणाला, वाईट वाटून घेऊ नकोस, पण भूमिका तिची आहे, तिला विचार.

आईला इंग्रजी वाचता येतं, पण त्याचं ते इंग्लंडच्या उत्तरेकडचं, तोंडातल्या तोंडात बोलणं तिच्या पल्ल्याबाहेरचं होतं. परतताना ट्राममध्ये तिनं विचारलं, "काय गं म्हणाले?" केवढ्याशा आवाजात विचारलं. जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांचे पेपर तपासलेली बाई, आणि आज स्वतःचा निकाल विचारत होती. लग्नाआधी ती नाटकात कामं करायची, सासरी आल्यावर सगळं सुटलं, हे मला मावशीकडून कळलं होतं. म्हणजे मला सगळं ठाऊक होतं. तरी मी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "म्हणाले, ही अभिनय करतच नाही."

एक अक्षर इकडचं तिकडे नाही. सूर तेवढा माझा. कळतंय ना तुम्हाला, किती सफाईनं केलं? खोटंही बोलले नाही. उद्या कुणी पकडलंच, तर शब्दशः भाषांतर केलं म्हणून हात झटकायची सोय ठेवली. किळस येते ती याची.

आई हसली. "खरंच आहे की. मला कुठला अभिनय यायला." मग स्टॉप येईपर्यंत चष्मा पुसत बसली. तेव्हा तरी तोंड उघडायला काय झालं होतं मला? घसा बसला होता, असं मी स्वतःला बरेच महिने सांगितलं. शी.

पुढच्या रविवारी लेनर्डला सांगितलं, आई नको म्हणतेय, लाजते. त्याचा चेहरा उतरला. आजारी होता, वाट बघण्याइतका वेळ त्याच्याकडे नव्हता. आई परत गेली आणि भूमिका मी केली. आणि त्यात — हेही लिहूनच टाकते — मी ते ताट ओढणीनं पुसलं. घरी, आरशासमोर, आईची ती लकब घोटून घोटून बसवली होती. शूटिंग संपल्यावर लेनर्ड म्हणाला, तू अभिनय छान करतेस. त्याचा अर्थ मला बरोबर कळला. आईला मात्र फोनवर हेही शब्दशः सांगितलं, आणि तिनं ते सगळ्या सोसायटीला सांगितलं.

त्याच सोसायटीतल्या बायकांनी मागच्या कोजागिरीला एक नाटुकलं बसवलं. आजीचं काम आईला देत होत्या, अगदी गळ घालत होत्या. तिनं ठाम नकार दिला. पडदा ओढायचं काम मागून घेतलं.

लेनर्ड या वसंतात गेला. आईला फोन करून सांगितलं, तर ती रडली. मला वाटलं, माझ्यासाठी रडतेय. मग म्हणाली, "एवढा मोठा माणूस, पण माझं मन राखायला खोटं नाही बोलला गं. एरवी कोण सांगतं असं?"

मी म्हटलं, "हो ना."