खेळाची उजळणी

इराने बाहुलीला तीन चमचे भरवले. तोंड पुसलं. थोपटून झोपवलं. मग लाल गाडी गॅरेजमध्ये लावली आणि काचेकडे बघितलं. काचेपलीकडे बसलेल्या तिच्या बाबांनी अंगठा वर केला. थेरपिस्ट ओर्ला खूश होऊन फॉर्मवर खुणा करत सुटली. कोपऱ्यात खेळणी पुसत बसले होते मी.

ते तीन चमचे कुठून आले, हे मला माहीत होतं.

मी आयर्लंडमध्ये, कासलबारच्या एका छोट्या सेंटरमध्ये रूम असिस्टंट आहे. नाव मोठं, काम साधं. खेळणी धुवायची आणि प्रत्येक मुलाच्या आधी ती जिथल्या तिथे ठेवायची. आमच्याकडे ऑटिस्टिक मुलं येतात. खोली दरवेळी वेगळी दिसली की त्यांतल्या बऱ्याच जणांना त्रास होतो. म्हणून घोडा घोड्याच्याच जागी. नवऱ्यामागे कुरुंदवाडहून इतक्या लांब आलेल्या, नववीत शाळा सोडलेल्या बाईला हे काम ओर्लाने दिलं. ते उपकार मी विसरत नाही. हे काम जाईल ही धास्तीही विसरत नाही.

प्ले थेरपी म्हणजे मूल खेळेल तसं त्याला खेळू द्यायचं आणि मोठ्या माणसाने मागून जायचं. ऐकायला सोपं आहे. करायला गेलं की शिकलेल्या माणसांचे हात शिवशिवतात.

इरा पाच वर्षांची. बोलत नाही. पहिले चार आठवडे ती तांदळाच्या टबात हात घालून बसली, बस. पाचव्या आठवड्यात तिने आपणहून मूठभर तांदूळ ओर्लाच्या हातावर ठेवले आणि तिच्या तोंडाकडे बघितलं. ओर्लाचे डोळे भरले, माझेही. इराच्या बाबांनी विचारलं, ‘‘म्हणजे प्रोग्रेस किती टक्के?’’

इराचे बाबा शिंदे सर. मेडिकल डिव्हाइसच्या प्लँटमध्ये क्वालिटीला आहेत. पुण्याचे आहेत, हे ते स्वतःच सांगतात, आपल्याला विचारावं लागत नाही. एकदा त्यांनी मला पार्किंगमध्ये गाठलं. बाराव्या आठवड्याला रिव्ह्यू आहे, त्यात काय काय विचारतात? मी म्हटलं, विचारत काही नाहीत, खेळतात.

‘‘ते ठीक आहे ताई, पण सिलॅबस काय?’’

शिकलेला माणूस ताई म्हणाला की मी पाघळते. खेळण्यांच्या शेल्फचे फोटो काढून पाठवले. त्यांचं उत्तर आलं, फोटो हलले आहेत, परत काढा. मी परत काढले.

नंतर त्यांनीच अभिमानाने सांगितलं. तीच बाहुली, तीच गाडी, तेच गॅरेज ऑनलाइन मागवलं. रोज संध्याकाळी सहा ते सात सराव, रविवारी उजळणी. चमचा बरोबर भरवला की एक द्राक्ष. प्लँटमध्ये ऑडिटची तयारी अशीच करतात म्हणे.

रिव्ह्यूच्या त्या दिवशी गाडी लावून झाल्यावर इराचा हात तांदळाच्या टबाकडे गेला. काचेवर टकटक झाली. हात मागे आला. ओर्ला फॉर्म भरत होती, तिला वाटलं दार वाजलं.

बाहेर येऊन ती म्हणाली, इराने कमालच केली. ठरवलेलं सगळं जमलं. आता तिचा स्लॉट बंद करून वेटिंग लिस्टवरच्या पुढच्या मुलाला देता येईल.

सरांचं हसू तसंच राहिलं, फक्त खालून हवा गेली. ‘‘म्हणजे नेक्स्ट लेव्हल?’’

‘‘नाही, संपलं. ती ग्रँड आहे.’’

इथे ग्रँड म्हणजे ठीक. पण इरा ठीक नव्हती. पहिला नंबर आला म्हणून पोरीला शाळेतून काढत होते, आणि परत यायचं तर रांगेच्या शेवटी. सर मराठीत हळूच म्हणाले, ‘‘ताई, तुम्ही काही बोलू नका. मी मेल टाकतो.’’

मेल वाचणार कोण आणि कधी? मोडक्या इंग्रजीत मी ओर्लाला सांगून टाकलं, फोटो मी दिले. इरा खेळली नाही, तिने पाठ केलेलं दाखवलं.

ओर्ला सरांकडे वळली. ‘‘तिला मजा आली का?’’

‘‘एकही चूक केली नाही तिने,’’ सर म्हणाले.

ओर्लाने भरलेल्या फॉर्मवर काट मारली. स्लॉट राहिला. मला लेखी वॉर्निंग मिळाली, ती रास्त होती. घरची खेळणी माळ्यावर गेली. आणि सरांना हुकूम झाला, पुढच्या वेळी काचेमागे नाही, आत चटईवर बसायचं.

पुढच्या आठवड्यात ते मोजे घालून मांडी ठोकून बसले. इरा कशालाही हात लावायच्या आधी त्यांच्याकडे बघायची, बरोबर आहे का म्हणून. ते मान डोलवायचे. तीनदा सांगून ऐकेनात, तेव्हा ओर्लाने त्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं. एवढा क्वालिटीचा माणूस, शिक्षा झालेल्या पोरासारखा. पुष्कळ वेळाने इराने घोडा उचलला, उलटा धरला आणि त्याचं शेपूट चटईवर घासत बसली. हे कुठल्याच उजळणीत नव्हतं.

बाहेर आल्यावर सरांनी मला गाठलं. ‘‘ताई, खरं सांगा. मी कसं केलं?’’

‘‘नापास झालात, सर,’’ मी म्हटलं. ‘‘काळजी करू नका. इथे नापासांनाच परत बोलावतात.’’