पाहुण्यांच्या कोठडीची कडी

ऑस्टिकच्या बर्फावरच्या हॉकीच्या रिंगणात पाहुण्या संघाच्या कोठडीचं दार उघडायचं काम व्हर्ला डोमिन्चककडे होतं. पगार शून्य, एक कॉफी फुकट. बर्फावर कुणी दांडगाई केली की पंच त्याला दोन मिनिटं त्या काचेच्या खोक्यात डांबायचा. वेळ संपली की व्हर्लानं कडी काढायची आणि पोरानं परत खेळायला जायचं. शेंबड्या पोरालाही जमेल असं काम. पण व्हर्लाची कडी नेमकी मोक्याच्या क्षणी अडकायची. "मेली गोठली बघ पुन्हा!" असं करवादत ती जाड हातमोज्यांनी खटपट करायची, आणि तेवढ्यात एक गडी कमी असलेल्या पाहुण्यांवर आपली पोरं गोल चढवून मोकळी व्हायची. सगळ्या गावाला हे ठाऊक होतं आणि सगळं गाव गप्प होतं. चर्चमध्ये पाद्रीबुवा खोटेपणावर बोलायला लागले की व्हर्ला खुशाल डुलक्या काढायची.

लांबून आलेल्या खेळाडूंना आमच्याकडे गावकरी घरी ठेवून घेतात. कोल्टर एन्स तीन हिवाळे व्हर्लाकडे होता. फ्रीज रिकामा करायचा, ओले मोजे हीटरवर टाकून घराला वास आणायचा. एकदा जेवता जेवता त्यानं विचारलं, "मावशी, ती कडी खरंच अडकते का गं?"

"ताटातलं संपव," व्हर्ला म्हणाली. पोरगा समजून चुकला.

यंदा जानेवारीत, खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपायच्या दिवशी, आमच्या कोच डेलनं कोल्टरला लॉर्नफिल्डच्या संघाला देऊन टाकलं. बदल्यात एक गोलकीपर आणि स्केटला धार लावायचं वापरलेलं मशीन घेतलं. व्हर्ला कोबी आणायला गेली होती. परत आली तर खोली रिकामी, आणि अंथरुणाची चक्क घडी घातलेली. चिठ्ठी नाही, फोन नाही. नवा गोलकीपर त्याच खोलीत येऊन पडला. तो अंड्याचा फक्त पांढरा भाग खायचा. व्हर्लाच्या खिमा भरलेल्या कोबीच्या गुंडाळ्यांकडे तो असा बघायचा, की जणू ताटात उंदीर वाढलाय.

"आमच्याकडची मांजरं बरी, जाताना निदान पायात तरी घोटाळतात," ती रिंगणातलं घड्याळ चालवणाऱ्या गॉर्डला म्हणाली. तिला फार लागलं होतं.

मार्चअखेर अंतिम फेरी नेमकी लॉर्नफिल्डशीच पडली. तीन सामने त्यांनी घेतले, तीन आपण. सातवा ऑस्टिकला. करंडक गावात शेवटचा आला, तेव्हा व्हर्लाचे सगळे दात तिचे स्वतःचे होते.

"आज कडी जरा जास्तच गोठेल, नाही?" शेजारच्या खोक्यातून गॉर्डनं विचारलं.

"तो कोल्ट्या आत आला ना, तर वसंत येईपर्यंत निघायची नाही," व्हर्ला म्हणाली.

आणि तो आलाच. शेवटची काही मिनिटं उरली होती, गोल बरोबरीत, आणि त्यानं ऑस्टिकच्या एका पोराच्या पायात स्टिक घालून त्याला आडवा केला. व्हर्लाच्या शेजारी बाकावर धपकन बसला.

"दाढी कसली ही? बोकड दिसतोस."

"करंडक मिळेपर्यंत कापायची नसते. तू वाळलीस, मावशी."

"कुणाच्या तोंडाकडे बघून जेवू? निघताना तोंड दाखवायला काय धाड भरली होती?"

"तुझ्याच पायरीवर वाट बघत बसून होतो गं. बसवाला हॉर्न बडवत होता. शेवटी डेलनंच दंडाला धरून उठवलं."

"आणि फोन?"

"लावायचो की. तुझा आवाज आला की रडू यायचं, मग बोलताच यायचं नाही."

व्हर्ला चपापली. फेब्रुवारीभर कुणीतरी मुका फोन करत होतं, आणि तिनं त्या मेल्याला वंशावळीसकट शिव्या घातल्या होत्या.

"शिव्या ऐकून बरं वाटायचं," तो म्हणाला. मग कडीकडे बघत आवाज खाली आणला. "तिकडच्या कोचनं विचारलं होतं, ऑस्टिकमध्ये काय काय लबाड्या चालतात म्हणून. मी सांगितलं, जेवण फार वाढतात."

"सुटतोय गं तो!" गॉर्ड ओरडला. सगळं गाव उभं राहून व्हर्लाच्या हातांकडे बघत होतं. व्हर्लानं दोन्ही हातमोजे काढून मांडीवर ठेवले. शिक्षेचं घड्याळ शून्यावर आलं आणि कडी खटकन निघाली.

बर्फावर मोकळी सुटलेली खेळाची चकती कोल्टरच्या पुढ्यातच आली. समोर गोलात फक्त अंड्याचा पांढरा. कोल्टरनं त्याला डावीकडे झुलवलं आणि उजवीकडून गोल मारला. पुढे काही घडलं नाही, सामना तिथेच गेला.

"व्हर्ला, आजच तेल घातलंस काय गं कडीला?" वरच्या बाकांवरून कुणीतरी खेकसलं. गॉर्डनं तिची फुकटची कॉफी उचलली आणि तिच्याकडे न बघता पिऊन टाकली. व्हर्लानं दार ओढून घेतलं आणि आत बसून राहिली.

दोन्ही संघांचे हात मिळवून झाले. कोल्टर कोठडीपाशी आला आणि स्टिकनं काच वाजवली.

"उघड ना, मावशी."

व्हर्लानं हातमोज्यात तोंड खुपसलं होतं. "अडकलीय," ती आतून म्हणाली. "मेली गोठलीय."

"बरं," म्हणून तो काचेला टेकून उभा राहिला. तिकडून करंडक उचलायला त्याला हाका सुरू झाल्या.

"आलो!" तो ओरडला. "कडी तेवढी निघू दे."