बाबांच्या फ्रेममध्ये माझी काच

माझा चष्मा वाचनालयात मोडला, आणि तो मीच मोडला. गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचा मी ग्रंथपाल आहे. कुलूप उघडणारा, झाडून काढणारा आणि वर्तमानपत्रं तारखेनं लावणाराही मीच. चष्मा काढून टेबलावर ठेवला होता आणि जुन्या मासिकांचा गठ्ठा आणून मी नेमका त्यावर टाकला. मला जवळचं वाचायला चष्मा लागत नाही. पुस्तक नाकाशी धरलं की अक्षर स्वच्छ दिसतं. लांबचं मात्र लहानपणापासून दिसत नाही. दोन हातांवर बसलेल्या माणसाला डोळे आहेत की नाहीत, हेही मला अंदाजानं ठरवावं लागतं.

एसटीनं बुलडाण्याला गेलो. नंबर जुनाच निघाला. दुकानदारानं फ्रेमा मांडल्या. मी एकेक उचलून दांडीवरची किमतीची चिठ्ठी डोळ्याशी नेत होतो आणि फ्रेम परत ठेवत होतो. त्याच्या ते ध्यानात आलं असावं. तो म्हणाला, घरी एखादी धड जुनी फ्रेम असेल तर घेऊन या, फक्त काचेचे पैसे पडतील.

घरी बाबांची फ्रेम होती. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांचे कपडे, काठी, पायताण सगळं तेरवीनंतर वाटून झालं. चष्मा तेवढा कोणी मागितला नाही आणि टाकायला आमचा हात धजला नाही. काळी, जाड, आता कुठं मिळत नाही अशी फ्रेम. दुकानदारानं ती वाकवून पाहिली आणि आधीच बजावलं, की काच बसवायला तापवावी लागेल, जुना माल आहे, चिरला तर आमच्याकडे बोट दाखवू नका. चिरली नाही. बाबांची काच काढून त्यानं माझ्या नंबरची बसवली. मी आरशात पाहिलं नाही. पैसे वाचले याचा मला आनंद झाला होता, आणि तो आनंद मी घरापर्यंत पुरवत आणला.

इथं मायबद्दल सांगायला हवं. वर्षभरापासून तिची आठवण विरत चालली होती. आधी भांड्यांच्या जागा गेल्या, मग नातवंडांची नावं, मग बाबांचं जाणंच गेलं. दिवसभर ती ठीक असायची. दिवेलागणीला मात्र जेवायला बसायची नाही. म्हणायची, ते वावरातून आले नाहीत अजून. आमच्या घरात माय कधीच बाबांच्या आधी जेवली नाही, आणि वेगळ्या ताटातही जेवली नाही. बाबा उठले की त्याच ताटात ती बसायची. आम्ही तिला सांगून पाहिलं की ते जेवले, गावाला गेलेत, उद्या येतील. ती मान हलवायची आणि ताट सरकवून द्यायची. एकदा मी खरं सांगितलं. तिनं तेव्हा जो आक्रोश केला तो तीन वर्षांपूर्वीही केला नव्हता. आणि दुसऱ्या सांजेला पुन्हा दारात बसली, ते आले नाहीत अजून म्हणत. त्यानंतर खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही. ती वाळत चालली होती. डॉक्टर म्हणाले, काहीही करा, पण पोटात अन्न जाऊ द्या.

तर त्या सांजेला मी बाबांची फ्रेम डोळ्यांवर लावून दारात शिरलो. माय उठली. किती दिवसांत ती आपणहून उठली नव्हती. तिनं तांब्या भरून आणला आणि माझ्या पायाशी ठेवला.

"आज लय उशीर केला तुमी," ती म्हणाली.

माय, मी आहे, असं म्हणायला मी तोंड उघडलं. चुलीपाशी बायको होती. तिनं नुसती मान हलवली, नाही म्हणून. मग हळूच म्हणाली, "बसा. जेवून घ्या."

मी जेवलो. भाकर, बेसन, ठेचा. माय समोर भिंतीशी बसून पाहत होती. माझी लहानपणापासूनची सवय, ताट पुसून घेतल्यासारखं स्वच्छ करायचं. बाबांनीच लावलेली. मी हात धुतला आणि मायनं ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काही ठेवलं नाही?"

तेव्हा मला आठवलं. बाबा आम्हा पोरांना ताट चाटून पुसून घ्यायला लावायचे, पण स्वतः उठताना चतकोर भाकर आणि थोडं कालवण ठेवून उठायचे. रोज. ते तिच्यासाठी असायचं हे मी पाहिलं होतं आणि विसरलो होतो. मी टोपल्यातली अर्धी भाकर ताटात ठेवली, बेसन वाढलं. तिनं हात लावला नाही. मग मी त्या भाकरीचा एक घास मोडून खाल्ला आणि उरलेली तशीच ठेवली. तेव्हा तिनं ताट ओढून घेतलं आणि जेवायला लागली. बायकोनं आणखी भाकर वाढली, तीही खाल्ली.

लेकरानं आईचं उष्टं खावं, ते प्रसादासारखं. आईनं मोठ्या लेकाचं उष्टं, तेही नवऱ्याचं समजून, खाणं आमच्याकडे कोणी ऐकलेलं नाही. मी ते तिला दिलं. एकदा नाही, त्या दिवसापासून रोज. ती जेवत होती, अंगानं भरत होती, आणि मला रोज ताटावरून उठताना वाटायचं की हे कुठं तरी लिहिलं जात आहे आणि कधीतरी मला वाचून दाखवलं जाईल.

बायकोनं ते माझ्यापेक्षा हलक्या हातानं पेललं. एकदा मायनं तिच्याकडे बोट करून मला विचारलं, "हे बाई कोन हाय? रोजच असते आपल्या घरात."

बायको म्हणाली, "मले स्वयंपाकाले लावलं हाय."

"हाताले चव हाय," माय मला म्हणाली, "पण मीठ जास्त टाकते. सांगून द्या तिले."

बायको हसली. मग स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

माझं मात्र दावं आखूड होत गेलं. दिवेलागणीला मी घरात हवा. वाचनालयाची संध्याकाळची वेळ मी बदलून घेतली. भाचीचं लग्न हिवरा आश्रमाच्या बाजूला होतं, तिथून अक्षता पडल्याबरोबर न जेवता निघालो. बहिणीनं पुढं चार लोकांत ऐकवलं, आमच्या भावाले घरची भाकर लय गोड लागते. एक दिवस मोटारसायकल पंक्चर झाली आणि अंधार पडला, तर माय उंबऱ्यावर बसून होती आणि काही केल्या आत येत नव्हती.

आणि मुलगा म्हणून मी त्या घरात उरलोच नाही. सकाळी चष्मा काढून तिच्याजवळ बसलो तर ती डोक्यावर पदर घेऊन म्हणायची, "ते वावरात गेले. सांजच्याले या." मी गिऱ्हाईकासारखा उठून जायचो. तरी रोज सकाळी एकदा चष्मा काढून तिच्यापुढं बसायचोच.

मग तिनं ते मागणं सुरू केलं. एक दिवस जेवण झाल्यावर, ताट पुढ्यात ओढायच्या आधी, ती आवाज खाली करून म्हणाली, "पोराले चष्मा घेऊन द्या. त्याले फळ्यावरचं दिसत नाही."

मी ताट तिच्याकडे सरकवलं.

"ढ नाही तो. मास्तर मारते, तुमी मारता. त्याले दिसतच नाही तर तो काय लिहीन?"

तो पोरगा म्हणजे मीच. मी पाचवी-सहावीत असेन. शाळेत मागे बसायचो, फळा म्हणजे नुसता काळा तुकडा. बाबा कोरी वही पाहायचे आणि पाठीत धपाटा घालायचे. पुढं एक दिवस बाबांनी मला सायकलवर बसवून बुलडाण्याला नेलं आणि चष्मा आणून दिला. हे मी आयुष्यभर अभिमानानं सांगत आलो. तेरवीलाही आलेल्या लोकांसमोर सांगितलं, की माझ्या अडाणी बापाला कोणी न सांगता कळलं, त्यानं मला नजर दिली. माय तेव्हा बाजूलाच बसली होती. काही बोलली नाही.

आता ती रोज तेच बोलू लागली. मी बाबांच्यासारखं, कमीत कमी शब्दांत म्हणायचो, "आणतो." ते ऐकून ती जेवायची. काही दिवस तेवढं पुरलं. मग एक 'आणतो' पुरेना. ती विचारायची, कधी? मी म्हणायचो, बाजाराच्या दिवशी. तिला वार कळत नव्हता, पण मी टाळतो आहे हे कळत होतं. तिचं ताट उशिरा उशिरा ओढलं जाऊ लागलं. मला वाटायचं, खरे बाबाही याच जागेवर बसून असंच टाळत असतील. किती दिवस, कोण जाणे. आम्ही पोरं तेव्हा जेवून झोपलेलो असायचो.

अशात बाबांच्या फ्रेमची दांडी बिजागरातून निखळली. दुकानदारानं खालून-वरून पाहून सांगितलं, बिजागरच झिजलं, याला आता काही होत नाही. तशी फ्रेमही मिळणार नाही. नवीन फ्रेम आणि नवीन काच घेण्याची माझी तेव्हा ताकद नव्हती. तेवढे पैसे नाहीत म्हटल्यावर दुकानदारानंच पर्याय काढला, की काच मोठी आहे, हीच काढून, कडेनं घासून लहान फ्रेममध्ये बसवतो. फ्रेम अगदी हलकी घ्या, पोरं वापरतात तसली.

मी विचार केला तो असा: मायला बिनकाचेची फ्रेम कळणार नाही. सांजेला बाबांची रिकामी फ्रेम दोऱ्यानं कानाला बांधून जेवायला बसायचं, बाकी वेळ नवीन चष्मा. एकाच काचेत दोन्ही कामं भागत होती. माझी अक्कल अशी नेहमी स्वस्तात धावते.

घरी आलो, ओट्यावरच चष्मा काढून डबीत घालून खिशात टाकला आणि रिकामी फ्रेम लावून आत गेलो. माय मला नुसती पांढऱ्या लुगड्याचा आकार दिसत होती. पण तिनं पाणी आणून ठेवलं, म्हणजे फसली होती. मी जेवलो, घास मोडून चतकोर ठेवली.

"आणला का?" ती म्हणाली.

"आणतो."

"तुमी रोजच आणतो म्हणता."

ताट ओढल्याचा आवाज आला नाही. मी थांबलो. बाजाराच्या दिवशी नक्की, म्हणालो. शपथ घेतो, म्हणालो. बाबांनी जन्मात शपथ घेतली नसेल. बायकोनं जवळ येऊन तिला समजावलं, तर तिनं स्वयंपाकाच्या बाईनं मधात बोलू नये असं सांगितलं.

"पोराले दिसत नाही तवर मी जेवत नाही," माय म्हणाली. "घ्या, सांगून ठेवलं."

ती रागावून म्हणाली नाही. हे वाक्य तिच्या तोंडात आधीपासून बसलेलं होतं. ती ते पहिल्यांदा म्हणत नव्हती, हे मला त्याच क्षणी कळलं.

बायकोनं माझ्या खांद्याला हात लावला आणि मग खिशाला. मी डबी काढून मायच्या हातात दिली.

तिनं ती उघडली. पोरं वापरतात तसली हलकी, लहान फ्रेम. तिनं काचा पदरानं पुसल्या असाव्यात, कारण पदराची हालचाल मला दिसली. मग डबी मिटल्याचा आवाज, आणि लगेच ताट ओढल्याचा.

रात्री ती झोपली की डबी काढून घ्यायची, असं माझ्या मनात होतं. पण तिनं ती कनवटीला खोचून वरून गाठ मारली होती आणि झोपेतही त्यावर हात होता. सकाळी मी बिनचष्म्याचाच तिच्यापुढं जाऊन बसलो. पोरगा म्हणून. तिनं पदर घेतला आणि म्हणाली, ते वावरात गेले.

"पोरगा कुठं आहे?" मी विचारलं.

"शाळेत गेला. आला की चष्मा द्यायचा हाय त्याले." आणि तिनं कमरेवर हात ठेवून डबी आहे ना ते पाहिलं.

बायको म्हणते, आंघोळीच्या वेळी काढून घेऊ, त्यात काय. तिचं बरोबर आहे. दोनदा तिनं डबी माझ्या हातात आणूनही दिली. मी ती मायच्या धुतलेल्या लुगड्याशी परत ठेवायला लावली. नवीन काचेसाठी थोडं थोडं बाजूला टाकतो आहे, पण अजून जमलेलं नाही. चष्म्याशिवाय मोटारसायकल चालवता येत नाही, म्हणून गाव सोडून कुठं जात नाही. वाचनालयात येणाऱ्यांना चालीवरून ओळखतो. पुस्तकं तेवढी नाकाशी धरून वाचतो.

सांजेला बाबांची रिकामी फ्रेम दोऱ्यानं बांधतो आणि जेवायला बसतो. चतकोर ठेवतो. समोर मायचा चेहरा कसा दिसतो, ती समाधानी आहे की नाही, ते मला दिसत नाही. मी हात धुवायला उठत नाही. ताट ओढल्याचा आवाज येतो, मग भाकर मोडल्याचा. तो संपेपर्यंत मी तिथंच बसून ऐकतो.