धुक्यातली पाऊणकी

आमच्या पोरींची शाळा मिठागरावर भरायची. मास्तरीण त्यांची आई. दिवाळी झाली, गावचं भात आवरलं, की भांडीकुंडी डोक्यावर घेऊन आम्ही चौघं निघायचो, ते पावसाळ्याआधी गावी परत. एक वर्ष वैतरणेच्या अंगाला, एक वर्ष वसईच्या खाडीला. मुकादम नेईल तिथे. सत्तरच्या पुढची सालं ती. तिथे शाळा कोण काढणार? मी दुसरीतून पळालेलो. बायको निर्मळला मावशीकडे राहून पाचवी झालेली, आणि त्याची तिला घमेंड होती. मीठ ओढून झालं की खोपीच्या सावलीत दोघींना घेऊन बसायची. पाटी एकच. मोठी पाटीवर लिहायची, धाकटी बोटाने चिखलात.

मी म्हणायचो, "याने काय मीठ जास्त पिकणार?"

ती म्हणायची, "तुमच्या डोक्यात तेवढंच पिकतं."

सगळ्यात आधी तिने पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, शिकवली, कारण ती आमच्या कामाची. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थी असली तर चार पाऊण तीन. तीनला भरती, म्हणजे सकाळी नवाला पाणी तळाला. मी कधी पाढा म्हटला नाही. मला पाणी पायाला कळायचं.

मोठी दहा वर्षांची झाली तेव्हा खाडीपलीकडच्या शाळेतले मास्तर म्हणाले, "अमक्या दिवशी अकराच्या आत घेऊन या. येत असेल तर सरळ चौथीत बसवतो." नाहीतर ती पहिलीत, पाच वर्षांच्या पोरांत बसणार. बायकोने त्या दिवसासाठी पोरीला नवं परकर-पोलकं शिवलं होतं.

खाडी ओहोटीला चालत उतरायची. ती वेळ पोरीनेच काढायची असं बायकोने ठरवलं. "परीक्षा इथूनच सुरू," म्हणाली. खोपीत कॅलेंडर नव्हतं. अमावास्या झाल्यापासून पोर रोज एक खडा डबीत टाकायची. चार खडे निघाले. पोर म्हणाली, "चार पाऊण तीन. नवाला उतरायचं, बाबा."

चिखलात पाय टाकला तेव्हाच मला बरं वाटलं नाही. पाणी ओढत नव्हतं. पण पोरीचं तोंड बघितलं आणि मी गप्प बसलो. ती चूक माझी. त्या पंधरवड्यात एक तिथी दोन दिवस होती, म्हणून खडा एक जास्त पडला होता. ते आम्हाला मागाहून कळलं. खरी तृतीयाच होती, भरती सव्वाआठलाच लागली होती. पाणी पाऊण तासाने आमच्या पुढे होतं.

वर धुकं. असं की हात लांब केला तर बोटं दिसेनात. आमच्याकडची रीत अशी, की धुक्यात कोणी खाडी उतरत असेल तर घरातल्या एकाने बांधावर उभं राहून आवाज देत राहायचं. आवाज पाठीशी ठेवला की माणूस सरळ जातो. दुसरी माणसं नुसतं "होऽ होऽ" करतात. आमची मास्तरीण धाकटीला कडेवर घेऊन पाऊणकी म्हणत होती. "एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड..."

अर्ध्यावर गेलो आणि पाणी समुद्राकडून नडगीवर आलं. पुढे खोल पाट होता. मी पोरीला खांद्यावर घेतलं आणि मागे फिरलो.

मागे फिरलो तर आवाज दोन.

एक समोरून. एक डाव्या अंगाने, जिकडे खाडी दर्याला मिळते तिकडून. दोन्ही आवाज तिचेच. तोच हेल, "पाऊण" म्हणताना नाकात जाणारा तोच सूर. मी उभा राहिलो. फिरताना मी सरळ फिरलो होतो की वाकडा, तेच मला ठाऊक नव्हतं. पाणी मांडीला आलं होतं.

"आई कुठल्या बाजूला गं?" मी विचारलं.

पोर माझे केस मुठीत धरून ऐकत राहिली. डावीकडून आलं, "सात पाऊण साडेपाच."

"ती आई नाही," पोर म्हणाली. "सात पाऊण सव्वापाच. आई चुकत नाही. समोर चला, बाबा."

मी निघालो. तेवढ्यात बांधावरून बायको खेकसली, "चूक! परत म्हण!" तिने तो आवाज ऐकला होता. तिला वाटलं पोरच म्हणते आहे.

पाण्याचा आवाज थांबला. मग डावीकडून, सावकाश, "सात पाऊण सव्वापाच."

"शाब्बास," बायको म्हणाली. "पुढे."

त्यानंतर दोन्हीकडून पाढा बरोबर यायला लागला. पुढच्या पाढ्यात कुठला कोणाचा ते मला सांगता आलं नसतं. मी मान वळवली नाही. पोरीच्या पायांना धरून नाकासमोर चाललो. पाणी छातीला आलं, मग कमरेला, मग हाताला बांधाचा दगड लागला.

बायकोने पोरीला ओढून घेतलं आणि आधी तिलाच झापलं. "सात पाऊणला अडखळलीस? आज? तेही परीक्षेच्या दिवशी?"

पोर कुडकुडत म्हणाली, "मी काही म्हटलंच नाही, आई."

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. धुक्यात पाढा चालूच होता, नऊ पाऊण पावणेसात, दहा पाऊण साडेसात, आणि ती तोंडावर पदर धरून उभी. मग तो संपला.

मास्तर भले माणूस. दुसऱ्या दिवशी आम्ही लांबून, पुलावरून गेलो. त्यांनी पोरीला चौथीत बसवलं. दोघी पुढे निर्मळला राहून शिकल्या. बायकोने त्यानंतर पाढा मोठ्याने कधी म्हटला नाही. बोळिंजच्या बिल्डिंगीत नातवंडं मागे लागायची, "आजी, म्हण ना गं." ती लिहून द्यायची. मला एकदाच म्हणाली, "चुकत होतं तेच बरं होतं. मी त्याला शिकवलं."

ती जाऊन दहा महिने झाले. घरात तिचा फोटो आहे, लुगडी आहेत, आवाज नाही. मला खाडीकडे जायची भीती वाटते असं मोठ्या लेकीला वाटतं. सकाळी धुकं असलं की ती दाराला आतून कडी घालते. कडी घालते ते बरोबर आहे. मला जावंसं वाटतं.