रोहूची नथ

बंगालातल्या कृष्णनगरच्या आमच्या गल्लीत कुणाही मुलाचं लग्न ठरलं की हळदीच्या ताटांबरोबर मुलीकडे जाणारा रोहू मासा सजवायला माझ्या आईला, लाबण्यला, बोलावणं यायचं. माशाला नवरीसारखी चिमुकली बनारसी साडी, कपाळावर चंदनाचे ठिपके, डोक्यावर भेंडाचा मुकुट, नाकाच्या जागी नथ. बायका चुलीवरचं टाकून बघायला यायच्या.

मग धाकट्या काकाचं लग्न झालं आणि चपलाकाकी घरात आली. सजावटीत तिचा हात आईपेक्षा हलका होता. आईला ते पहिल्या आठवड्यातच कळलं, आणि त्यानंतर काकीच्या कशालाही तिनं धड चांगलं म्हटलं नाही. "बरं आहे," म्हणायची, "पण जरा बाजारी वाटतं."

माझ्या भावाचं, किंशुकचं, लग्न ठरलं तेव्हा ठाकुमा, म्हणजे आमची आजी, आईला म्हणाली, "बोऊमा, तू वरमाय. तुझ्यामागे ढीगभर कामं. मासा चपला सजवेल."

आमच्यात आई मुलाचं लग्न बघायला जात नाही. तिच्या हातचं असं सुनेच्या माहेरी पोचलं असतं ते फक्त हा मासा.

हळदीच्या सकाळी काकीनं मासा असा सजवला की खरी नवरी लाजावी. काकी अंघोळीला गेली. आईनं हळूच नथ काढून पदराच्या गाठीत बांधली. काकी येईपर्यंत ताटावर लाल जाळी चढली होती, आणि ती घाईघाईनं ताटांबरोबर निघाली.

दुपारी परतली ती फुलूनच.

"अहो, काय सांगू! जाळी काढली तर माशाला नथच नाही. मी शरमेनं मेले. तर मुलीची आई माझे हातच धरते! म्हणते, आमच्या परमाचं नाक टोचलेलं नाही, तेवढंसुद्धा तुम्ही ध्यानात ठेवलंत!"

"मग तू काय म्हणालीस?" ठाकुमानं विचारलं.

"काय म्हणणार? हसले."

"नथ मी काढली!" आई एकदम ओरडली. पदराची गाठ सोडून तिनं नथ सगळ्यांसमोर आपटली. "मी काढली ती!"

काकीचा चेहरा उतरला. "दीदी, माझं नाक कापायला निघाला होतात तुम्ही. आणि आता शाबासकीही तुम्हालाच हवी?"

"हो, हवी! मुलगा माझा आहे!" म्हणत आई रडायला लागली.

परमा सून होऊन आली, तिनं हे ऐकलं आणि पोट धरून हसली. दुसरं कुणी हसलं नाही. दोघी जावा कित्येक महिने एकमेकींशी बोलल्या नाहीत.

तेव्हापासून घरात लग्न निघालं की ठाकुमा दोन रोहू आणवते. दोघी अंगणात पाठीला पाठ लावून बसतात. गेल्या फाल्गुनात आईनं मला जवळ ओढून विचारलं, "तिकडचा कसा झालाय गं?"

"सुरेख," मी म्हटलं.

आईनं आपल्या माशाच्या साडीच्या निऱ्या उसकटल्या आणि पुन्हा पहिल्यापासून घालायला घेतल्या.