भाऊंच्या डोक्यामागचा सूर्य

फ्लेक्सच्या शाईचा उग्र वास आला की काळाचौकीतला तो बिनखिडकीचा पोटमाळा आठवतो. तिथे मी कॉम्प्युटरवर वाढदिवसाचे बॅनर बनवायचो. एकदा एका पुढाऱ्याच्या डोक्यामागे सूर्य टाकला, तर त्याचा कार्यकर्ता खुर्चीमागून म्हणाला, "अजून चमकव रे, भाऊंचं तेज दिसत नाय." मी ग्लो वाढवला, किरणं फाकवली, कडेला तारे शिंपडले. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर घरात अंधार. आई दिवा लावून तांदूळ निवडत होती. तोच बॅनर आमच्या चाळीच्या गॅलरीवर बाहेरून ताणून बांधला होता. मी दोरीची गाठ सोडायला घेतली, तोच खालून कार्यकर्त्याचा आवाज आला, "काय करतोयस रे?" "घट्ट करतोय," मी म्हणालो. आज माझ्या टेबलाशी मोठी खिडकी आहे; पडद्याच्या दोरीला हात लावताना मी अजूनही आधी खाली बघतो.